साडेसात लाखांच्या आत

ग्वाल्हेरात पडावला घर असणं ही मालमत्ता नाही, पदभार आहे. स्टेशन इतकं जवळ की गाड्यांच्या घोषणा आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतात आणि चहाचं आधण त्या हिशेबानं चढतं. मुरार नाहीतर थाटीपूरला राहणाऱ्या मराठी घरांत पाहुणे येतात. आमच्याकडे ते उतरतात. पंजाब मेल १९१२ पासून धावते आहे आणि तिची वाट पाहत आमच्या ओसरीवर बसण्याची चालही जवळजवळ तितकीच जुनी असावी. दोन गाड्यांच्या मधे तास-दीड तास मिळाला की भोपाळचे काका, दिल्लीचा आतेभाऊ, पुण्याची मावशी यांच्यापैकी कुणी ना कुणी बॅग दारात टेकवून पायऱ्या चढतं. चहा होतो, पोहे होतात, आणि या सगळ्याची परतफेड म्हणून पाहुणा सल्ला देतो.

गेलं वर्षभर सल्ल्याचा विषय एकच आहे: माझ्या भाचीनं एमबीए कुठून करावं.

भाची इंजिनियर आहे, दिल्लीच्या बाजूला एका कंपनीत नोकरी करते, महिन्याला चाळीस हजार मिळवते, आणि आता तिला पुढं शिकायचंय. एवढी माहिती पुरेशी असते. बाकीची पाहुणा स्वतः पुरवतो.

भोपाळचे काका पंजाब मेलनं येतात आणि पहिल्या घोटाबरोबर म्हणतात, "बी.एड. केलंस का?" त्यांच्या मते कोणत्याही पदवीचं अंतिम ध्येय बी.एड. आहे, मधले सगळे कोर्स म्हणजे वेळकाढूपणा. पुण्याची मावशी झेलमनं येते. तिच्या मते एमबीए फक्त पुण्यातच होतं, बाकीच्या गावांत नुसती इमारत असते. "सिंबायोसिसचं सिबम १९७८ पासून आहे गं," ती सांगते, जणू पायाभरणीला नारळ तिनंच वाढवला होता. हिंजवडीत तिच्या फ्लॅटची एक खोली रिकामी आहे हे ती सांगत नाही, पण बोलता बोलता खोलीला अटॅच्ड बाथरूम आहे हे मात्र दोनदा येऊन जातं. दिल्लीचा आतेभाऊ शताब्दीनं येतो. तो स्वतः एमबीए आहे, त्यामुळे त्याचा सल्ला निम्मा इंग्रजीत आणि उरलेला हवेत असतो. "मामा, शेवटी काय, नेटवर्क मॅटर्स." (मी त्याचा मामेभाऊ आहे, पण एमबीए झाल्यापासून तो सगळ्यांना मामा म्हणतो.) हे ऐकून अप्पा, म्हणजे माझे वडील, भाचीचे आजोबा, नव्वदीला टेकलेले, खुर्चीतून विचारतात, "नेटवर्क म्हणजे ओळखीच ना? मग पडावच्या ठाण्यापासून फूलबागेच्या माळ्यापर्यंत आपल्या ओळखी आहेत. त्याला वीस लाख कशाला?"

आतेभावाला उत्तर सुचेपर्यंत त्याची गाडी लागलेली असते.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी भाचीनं कॅट ही एमबीएची प्रवेशपरीक्षा दिली. फॉर्मचेच अडीच हजारांवर गेले तेव्हा ताईनं, म्हणजे तिच्या आईनं, हे पैसे परत मिळतात का अशी चौकशी केली. मग सिंबायोसिसच्या स्नॅप परीक्षेचा वेगळा फॉर्म, त्यात ज्या ज्या कॉलेजात जायची इच्छा आहे त्याचे आणखी वेगळे हजार हजार. महाराष्ट्राची सीईटी वेगळी. इच्छेलाही दर लावणारा हा पहिलाच अभ्यासक्रम असेल.

निकाल आला. ब्याण्णव. अप्पांनी कुणाला न विचारता नया बाजारातून बहादुराचे लाडू मागवले. आमच्या खानदानात गणितात ब्याण्णव कुणाला पडले नव्हते. माझे तर तीन वर्षांचे मिळून तेवढे होते. दोन घरी लाडू पोचले आणि मग भाचीनं हळूच सांगितलं की ते ब्याण्णव टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहेत. म्हणजे परीक्षेला जितके बसले त्यातले आठ टक्के तिच्या पुढं. परीक्षेला बसले तीन लाखांच्या आसपास.

अप्पांनी जुन्या मुनीमपद्धतीनं मनात हिशेब केला. "चोवीस हजार?"

"हो."

"चोवीस हजार पोरं तुझ्या पुढं आहेत आणि आपण लाडू वाटले?"

उरलेले लाडू घरातच संपवण्यात आले.

त्यानंतर माहितीपुस्तकं यायला लागली. यातलं एक मी नीट पाहिलं, कारण ते हातात घेतल्यावर खाली ठेवायला जड होतं. कव्हरवर काचेची इमारत आणि तिच्यासमोर हिरवळीवर बसलेली चार मुलं. एकाच्या मांडीवर लॅपटॉप, दुसरी त्या लॅपटॉपकडे बोट दाखवून हसतेय, तिसरा आकाशाकडे बघतोय आणि चौथ्याच्या हातात कॉफीचा कप. कुणाच्याही हातात पुस्तक नाही. आतल्या पानावर संचालकांचं मनोगत, सही निळ्या शाईत छापलेली. मग 'आमचे रिक्रूटर्स' म्हणून साठेक कंपन्यांची चिन्हं, पानभर, लग्नपत्रिकेच्या तळाशी 'आपले नम्र' म्हणून नावं असतात तशी, म्हणजे यातले खरोखर कितीजण येणार हे कुणालाच माहीत नसतं. सगळ्यात शेवटी, जिथं आपण जाहिरातीत बारीक अक्षरं शोधतो तिथं, फी. तीही एकरकमी नाही. शिक्षणशुल्क वेगळं, वसतिगृह वेगळं, खानावळ वेगळी, लॅपटॉप सक्तीचा, 'आंतरराष्ट्रीय अनुभव' ऐच्छिक, आणि परत मिळणारी अनामत, जी परत मिळाल्याचं मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

पडावच्या पुलावरून रोज जाताना जी होर्डिंगं दिसतात ती याच पुस्तकाची पोरं. सरासरी पॅकेज अमुक लाख, सर्वोच्च पॅकेज तमुक. भाऊजी, म्हणजे भाचीचे वडील, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, आकड्यांवर श्रद्धा ठेवणारे गृहस्थ. त्यांनी स्कूटर पुलाच्या कडेला उभी करून तो सरासरीचा आकडा डायरीत लिहून घेतला. त्या संध्याकाळी भाचीनं त्यांना समजावलं ते मला आवडलं. ती म्हणाली, "बाबा, समजा पडावात आपल्यासारखी पाच-पाच खोल्यांची नऊ घरं आहेत. आणि दहावं घर जयविलास पॅलेस. त्याच्या खोल्या चारशे. आता या दहा घरांची सरासरी काढा."

भाऊजींनी काढली. साडेचव्वेचाळीस खोल्या.

"म्हणजे होर्डिंगप्रमाणे आपण साडेचव्वेचाळीस खोल्यांच्या घरात राहतो," भाची म्हणाली. "पॅकेजच्या बाबतीत मधला आकडा विचारायचा. मुलांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधोमध जो येतो त्याचा. तो कुणी होर्डिंगवर लावत नाही."

भाऊजी बराच वेळ गप्प बसले. मग ताईला म्हणाले, "आणि तुझ्या भावाकडे एवढ्या खोल्या असून पाहुण्यांना ओसरीवर बसवतो."

गावातल्या गावात करावं हाही एक पक्ष होता आणि तो अगदीच दुबळा नव्हता. जिवाजी विद्यापीठ १९६४ चं, तिथं एमबीए आहे. अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची केंद्र सरकारची संस्था १९९७ पासून मोरेना लिंक रोडवर आहे. तिच्या नावातच माहिती तंत्रज्ञान आणि व्यवस्थापन दोन्ही आहेत. पर्यटनाचं व्यवस्थापन शिकवणारी राष्ट्रीय संस्थाही ग्वाल्हेरातच. खासगी कॉलेजांना तर तोटाच नाही. ताईचा हिशेब साधा होता: घरी राहिली की वसतिगृह वाचलं, खानावळ वाचली, आणि पोरगी डोळ्यांसमोर.

यावर भाचीनं जे उत्तर दिलं ते मला वाटतं व्यवस्थापनशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात घालायला हरकत नाही. ती म्हणाली, "आई, वसतिगृहाचे पैसे हा खर्च नाही. ती मिळकत आहे."

पडावच्या घरात राहून अभ्यास म्हणजे काय हे मला माहीत आहे. पहाटे कुणाला तरी स्टेशनवर सोडायचं असतं, दुपारी कुणाला तरी आणायचं असतं, आणि मधल्या वेळात कुणाच्या तरी डब्यात पुऱ्या भरायच्या असतात. त्यात पोरगी मॅनेजमेंट शिकतेय म्हटल्यावर पाहुण्यांचं मॅनेजमेंट तिच्याकडेच येणार. ताईला हे पटलं नाही, पण मला पटलं आणि अप्पांनाही. अप्पांना वेगळ्या कारणानं. त्यांचं म्हणणं, शिकायला घर सोडावंच लागतं, तसा रिवाज आहे.

आणि रिवाजाचं उदाहरण त्यांच्याकडे तयार होतं, ग्वाल्हेरच्या कुठल्याही मराठी म्हाताऱ्याकडे असतं तसं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. मिरजेजवळचा, १८४९ सालचा जन्म. गाणं शिकायचं म्हणून माणूस गावोगाव फिरला आणि इथं ग्वाल्हेरात वासुदेवबुवा जोश्यांच्या पायाशी येऊन बसला. तेव्हा गुरूची फी म्हणजे सेवा. पाणी भरायचं, लाकडं फोडायची, गुरुजी सांगतील ते आणि सांगतील तेव्हा. माहितीपुस्तक नाही, प्लेसमेंट नाही, ईएमआय नाही. पुढं हेच बुवा ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात घेऊन गेले. "आणि त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर," अप्पा पुढं सांगतात, "त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं." म्हणजे गुरूच्या चुलीपासून वर्गापर्यंतचा प्रवास दोन पिढ्यांत झाला. वर्ग आला की वेळापत्रक आलं, वेळापत्रक आलं की फी आली, आणि मग हळूहळू हिरवळीवर लॅपटॉप आला.

त्याहीआधी म्हणे दौलतराव शिंद्यांच्या दरबारात बडे मोहम्मद खाँचं गाणं हद्दू-हस्सू खाँ या भावांनी पडद्याआड बसून ऐकलं आणि उचललं. ही आख्यायिका आहे, खरं-खोटं पडद्यालाच ठाऊक. पण एक पैसा न भरता, प्रवेशपरीक्षा न देता, देशातल्या सर्वोत्तम संस्थेचा अख्खा अभ्यासक्रम पदरात पाडून घेण्याचं याहून उत्तम उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. मी भाचीला हे सुचवलं. ती म्हणाली, "मामा, त्याला आता यूट्यूब म्हणतात. पण सर्टिफिकेट मिळत नाही."

तर एकेकाळी महाराष्ट्रातली पोरं शिकायला इकडं येत, आता आमची तिकडं जातात. हे अप्पांना तत्त्वतः मान्य होतं. महाराष्ट्र म्हणजे आपलंच घर, तिथं जायचं तर भाडं फक्त रेल्वेचं. त्यात आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर आली. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ साली सुरू झाली ती अमेरिकेच्या स्टॅनफर्डच्या सहकार्यानं. आणि ज्योतिरादित्य शिंद्यांनी एमबीए केलं ते २००१ साली, स्टॅनफर्डमधूनच. अप्पांनी टोक जुळवलं: "मग महाराजांनी केलं तेच ना हे? फक्त थोडं अलीकडं, चर्चगेटच्या बाजूला." फीचं म्हणाल तर तिथं दोन वर्षांची फी सहा-सात लाखांच्या घरात. अहमदाबादच्या आयआयएमला पंचवीस लाखांच्या पुढं जावं लागतं. दिल्लीचं १९५४ चं एफएमएस तर त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, पण तिथं जायला ब्याण्णव पुरत नाहीत, तिथं चोवीस हजारांतलेच लोक भांडत असतात.

मग भाचीनं महाराष्ट्राच्या प्रवेशाचा फॉर्म उघडला आणि घरात दोन दिवस चूल पेटली नाही, आणि ते काही ताईनं उपास धरला म्हणून नव्हे.

"जन्म महाराष्ट्रात?" भाची मोठ्यानं वाचत होती. "नाही. दहावी महाराष्ट्रात? नाही. बारावी? नाही. पदवी? नाही. आई किंवा वडील यांपैकी कुणी महाराष्ट्राचे डोमिसाइल? नाही."

"असं कसं नाही?" अप्पा म्हणाले.

"अप्पा, आपण दोनशे वर्षं इथं आहोत."

"दोनशे वर्षं इथं *असलो* म्हणून काय झालं? आपण गेलो होतो का तिथून? आपल्याला पाठवलं होतं!"

हा मुद्दा फॉर्ममध्ये लिहायला जागा नव्हती. मध्य प्रदेशात आम्ही भाषिक अल्पसंख्याक. महाराष्ट्रात अल्पसंख्याकांच्या कॉलेजांत गुजराती, सिंधी, हिंदी बोलणाऱ्यांची सोय आहे; मराठी बोलणाऱ्यांना तिथं अल्पसंख्याक होता येत नाही, हे तर्कशुद्धच आहे. राहिला एकच रकाना: 'ऑल इंडिया', म्हणजे परराज्यातल्या उमेदवारांसाठी राखलेल्या मोजक्या जागा. थोडक्यात ग्वाल्हेरच्या मराठी मुलीला मुंबईत जी रांग तीच पाटण्याच्या मुलाला आणि तीच कोचीच्या मुलीला.

अप्पा उठून उभे राहिले. गुडघे दुखत असले की ते उठत नाहीत, त्यामुळे प्रसंग गंभीर होता. "शिंदे मूळचे कुठले? कण्हेरखेड, जिल्हा सातारा. १७७१ साली महादजींनी दिल्ली घेतली तेव्हा डोमिसाइल विचारलं होतं का कुणी?"

"अप्पा, पण आपण शिंदे नाही," मी म्हणालो.

"त्यांच्याबरोबर होतो ना? दफ्तर कोण लिहीत होतं?"

ओसरीवर बसलेल्या भोपाळच्या काकांनी संधी साधून बी.एड.ला डोमिसाइल लागत नाही असं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण अप्पांनी त्यांच्याकडे बघितलं.

आता पैशांचं. खरं तर पैशांचं आधी यायला हवं होतं, पण आमच्याकडे पैशांचा विषय सगळ्यात शेवटी निघतो आणि निघाला की सगळे एकदम उठून काहीतरी कामाला लागतात. एका खासगी कॉलेजनं भाचीला घेतलं होतं. दोन वर्षांचे सगळे मिळून वीस लाख. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. वीस लाख, दहा टक्के व्याज, दहा वर्षं: महिन्याला सव्वीस हजार चारशे तीस. एकूण भरणा एकतीस लाख एकाहत्तर हजार, आणि शिकत असतानाचं व्याज यात धरलेलं नाही, तेही मागं लागतंच. वर भाची नोकरी सोडणार, म्हणजे दोन वर्षांचा पगार नऊ लाख साठ हजार, तो कुठल्याच माहितीपुस्तकात छापलेला नसतो. हे मी सांगितल्यावर ताई म्हणाली, "तो तर तिला मिळालाच नाही, मग गेला कसा?" अर्थशास्त्राचे मोठमोठे ग्रंथ या एका प्रश्नावर लिहिलेत, पण ताईला एका वाक्यात देण्यासारखं उत्तर त्यातल्या कुणाकडे नाही.

भाऊजींच्या सीएनं दिलासा दिला की शैक्षणिक कर्जाचं व्याज कलम ८०ई खाली उत्पन्नातून वजा होतं, आठ वर्षांपर्यंत. भाऊजी खूश झाले. मग सीएनं दुसऱ्या वाक्यात सांगितलं की हे जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत नाही. सीए लोक नेहमी पहिल्या वाक्याचे पैसे घेतात असा माझा संशय आहे.

याच दरम्यान भाऊजींनी गाडी घेतली. ग्वाल्हेरच्या मेळ्यात. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला हा मेळा मूळचा गुराढोरांचा. हल्ली तिथं गाड्या विकल्या जातात, कारण सरकारनं सूट जाहीर केली की मेळ्यात घेतलेल्या गाडीचा रोड टॅक्स निम्मा. म्हणून सप्टेंबरपासून ग्वाल्हेरात कुणी गाडी घेत नाही. सगळे मेळ्याची आणि सुटीच्या अधिसूचनेची वाट बघत जुन्या स्कूटरला किक मारत बसतात. भाऊजी दुपारी गजक घ्यायला म्हणून गेले आणि संध्याकाळी अकरा लाखांची गाडी बुक करून आले. सरासरी विचारली नाही, मधला आकडा विचारला नाही, आतेभावाला फोन केला नाही. "टॅक्स निम्मा होता," एवढंच म्हणाले. अप्पांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं की मेळ्यात कॉलेजवाल्यांचा स्टॉल नाही का लागत.

शेवटी आम्ही बँकेत गेलो. अप्पा, भाऊजी, भाची आणि मी. साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांनी सांगितलं, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढं लागतं. काय आहे?

भाऊजी आयुष्यभर सरकारी क्वार्टरात राहिले, निवृत्तीनंतर भाड्यानं. गाडी होती, पण ती आधीच दुसऱ्या बँकेची होती. तेव्हा अप्पांनी, मला आतल्या आत अभिमान वाटला, काठी जमिनीवर टेकवून सांगितलं, "पडावचं घर आहे."

जयविलासच्या दरबार हॉलमधली साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं टांगण्याआधी छताचा जोर पाहायला वर हत्ती चढवले होते, असं तिथला प्रत्येक गाइड सांगतो. बँकेनं आमच्या छतावर एकेक कागद चढवायला सुरुवात केली. रजिस्ट्री? आहे, पण ती पणजोबांच्या नावावर, उर्दू मिश्रित मोडीत. नामांतरण? नाही झालं. पणजोबांचं आजोबांच्या नावावर नाही, आजोबांचं अप्पांच्या नावावर नाही. वाटणी? घरात वाटणीचा शब्द काढायचा नाही असं पणजोबा सांगून गेले होते आणि आम्ही तेवढं एकच ऐकलं. वारस किती? अप्पांनी बोटं मोजायला घेतली. उज्जैनला दोन, इंदूरला चार, एक ह्यूस्टनला, दोन भाऊ एकमेकांशी कुणाच्या तरी मुंजीपासून बोलत नाहीत, आणि एका चुलत आत्याचा पत्ताच नाही, पण दिवाळीला तिचं कार्ड येतं. साहेबांनी लिहायचं थांबवलं. छत पहिल्या हत्तीलाच खाली आलं होतं.

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक यादी काढली, आणि हे मला सगळ्यांना सांगावंसं वाटतं. २०१६ पासून सरकार कॉलेजांची क्रमवारी काढतं, मासिकं काढतात, कॉलेजं स्वतःही काढतात आणि त्या सगळ्यांत स्वतःच पहिल्या दहात येतात. पण खरी क्रमवारी बँकेच्या ड्रॉवरमध्ये असते. त्या यादीत वरच्या गटातल्या कॉलेजांना वीस काय, काहींना चाळीस लाखांपर्यंतही कर्ज तारणाशिवाय मिळतं, कारण बँकेला खात्री आहे की तिथून बाहेर पडलेला माणूस हप्ता भरेल. तिथं हिरवळ नाही, मनोगत नाही. बँक आपले पैसे लावते आणि पैसे लावताना माणूस खोटं बोलत नाही. वीस लाख मागणारं, काचेच्या इमारतीचं आमचं कॉलेज त्या यादीत कुठंच नव्हतं. मी दोनदा बघितलं. साहेबांनीही बघितलं आणि दुसऱ्याच कुठल्या तरी कागदाकडे लक्ष वळवलं.

तर असं ठरलं. वरच्या गटात भाची बसत नव्हती. वीस लाखांना तारण लागत होतं. तारण द्यायला घर होतं, पण घर पणजोबांच्या ताब्यात होतं आणि ते सही करायला येण्यासारखे नव्हते. राहिली साडेसात लाखांच्या आत बसणारी कॉलेजं. त्यातलं एक महाराष्ट्रातलं, जुनं, बिनकाचेचं. ऑल इंडियाच्या रकान्यातून दुसऱ्या फेरीत नाव लागलं. साडेसात लाखांचा हप्ता दहा वर्षांना नऊ हजार नऊशे अकरा; तो भाची आजच्या पगारातही भरू शकली असती. आतेभावाचं नेटवर्क, मावशीची अटॅच्ड बाथरूम, होर्डिंगवरची सरासरी, काकांचं बी.एड., माझे हद्दू-हस्सू खाँ, कशानंच काही ठरलं नाही. पणजोबांनी नामांतरण केलं नाही म्हणून पोरगी त्या कॉलेजात गेली. केलं असतं तर अकरा लाखांची गाडी, वीस लाखांचं कॉलेज आणि बँकेकडे पडावचं घर, असा आमचा संसार झाला असता.

आता प्रवेश होऊन महिना झाला. गाड्या येतात, पाहुणे उतरतात, आणि अप्पा पायरीवरच त्यांना गाठतात. "नातीला ॲडमिशन मिळाली. महाराष्ट्रात," ते सांगतात. "ऑल इंडियातून. अख्ख्या हिंदुस्थानातून मोजक्या पोरांना घेतात तिथं."

पाहुणे वा वा म्हणतात. फी किती, असं कुणी विचारलं तर मात्र अप्पांना ऐकू येत नाही.